जीवशास्त्र शिकवण्याची पद्धत बदलली, पण फरक पडला हे कशावरून ठरवायचे?

विभागाने पदवीच्या पहिल्या वर्षाचे जीवशास्त्र शिकवण्याची पद्धत बदलली. व्याख्याने कमी झाली, गटात सोडवायचे प्रश्न आले, प्रात्यक्षिकात ठरलेल्या कृतीऐवजी विद्यार्थ्यांनी स्वतः आखलेला प्रयोग आला. वर्षभराने बैठकीत कोणीतरी विचारते, या खटाटोपाचा उपयोग झाला का? आणि तेव्हा लक्षात येते की मोजायचे कशाने हे कोणी ठरवलेच नव्हते.

हाताशी साधने पाच आहेत: परीक्षेचा निकाल, संकल्पना चाचणी, तासाचे निरीक्षण, अभिप्राय आणि सबंध विभागाची रुब्रिक, म्हणजे गुण देण्यासाठी निकषांचा तक्ता. माझा कल आधीच सांगून टाकते. एकच झेपणार असेल तर संकल्पना चाचणी घ्या. दुसरे जमत असेल तर तासाचे निरीक्षण जोडा. नुसत्या अभिप्रायांवर मात्र काहीही ठरवू नका.

निकाल की संकल्पना चाचणी?

निकालाचे आकडे कार्यालयात आयतेच पडलेले असतात आणि बैठकीत त्यांना वजनही असते. २०१४ साली स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या २२५ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचे सरासरी प्रमाण ३३.८ टक्के होते, सक्रिय अध्ययनाच्या, म्हणजे विद्यार्थी स्वतः प्रश्न सोडवत आणि चर्चा करत शिकतात अशा वर्गांत २१.८ टक्के. सुधारणांच्या बाजूने सगळ्यात जास्त वेळा पुढे केला जाणारा आकडा बहुधा हाच.

अडचण ही की तो आकडा शेकडो अभ्यासांतून आलेला आहे आणि तुमच्याकडे एक विभाग आहे. पेपर काढणारे तुम्हीच, तपासणारेही तुम्हीच. शिकवणे बदलले की पेपरही बदलतो. पूर्वी ‘पेशीविभाजनाचे टप्पे लिहा’ असे विचारायचे, आता ‘या टप्प्यावर तर्कूतंतू तयारच झाले नाहीत तर पुढे काय होईल?’ असे विचारता. निकाल दोन टक्क्यांनी घसरला. सुधारणा फसली का? कदाचित विद्यार्थी पूर्वीपेक्षा बरेच जास्त शिकले असतील आणि पेपर त्याहून अवघड झाला असेल. नुसत्या निकालावरून हे कळायला मार्ग नाही. निकालच वापरायचा असेल तर निदान दोन्ही वर्षांचे पेपर शेजारी ठेवा आणि प्रत्येक प्रश्न नुसते आठवायला सांगतो, समज तपासतो की नव्या प्रसंगात वापरायला लावतो, हे गुणांसकट मांडा. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या जीवशास्त्राच्या प्राध्यापकांनी ब्लूमच्या पायऱ्या, म्हणजे नुसते आठवण्यापासून वरच्या विचारापर्यंतची उतरंड, धरून असेच केले, म्हणून त्यांची वर्षावर्षांची तुलना पटते. काम कंटाळवाणे आहे, पण दोन दुपारीत उरकते.

संकल्पना चाचणीत पेपर बदलण्याचा प्रश्नच येत नाही. तेच बहुपर्यायी प्रश्न सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी विचारायचे. खरी गंमत चुकीच्या पर्यायांत असते. ते विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष गैरसमजांतून घेतलेले असतात, त्यामुळे घोकून आलेला अलगद त्यांत सापडतो. नैसर्गिक निवडीवरची २० प्रश्नांची चाचणी २००२ साली आली. तीत गालापागोसच्या फिंच पक्ष्यांपासून गप्पी माशांपर्यंत खऱ्या अभ्यासांतली उदाहरणे आहेत. आनुवंशिकीसाठी २५ प्रश्नांची चाचणी २००८ साली आली.

गैरसमज म्हणजे नेमके काय, ते एका उत्तरपत्रिकेवरून सांगते. पहिल्या प्रश्नात एका मुलीने नैसर्गिक निवडीची व्याख्या बिनचूक लिहिली होती: भिन्नता, आनुवंशिकता, प्रजननातील यशातला फरक. पूर्ण गुण. पान उलटल्यावर प्रश्न होता, गुहेतल्या काही माशांना डोळे का नसतात? तिने लिहिले, ‘अंधारात डोळ्यांची गरज उरली नाही, म्हणून माशांनी हळूहळू डोळे घालवले.’ व्याख्या पाठ आणि डोक्यात अजून गरजेपोटी बदलणारा मासा. वार्षिक पेपरात पहिला प्रश्न हमखास असतो, दुसरा क्वचितच. चांगली संकल्पना चाचणी मुद्दाम दुसऱ्याच प्रकारचे प्रश्न विचारते.

हिशेबात दोन गोष्टी सांभाळा. सरासरी किती गुणांनी वाढली एवढेच पाहू नका. वाढायला जागा किती होती तेही पाहा. एक वर्ग ४० वरून ५५ वर गेला, दुसरा ७० वरून ७७.५ वर. पहिल्याला ६० गुणांची जागा होती, त्यातले १५ मिळवले. दुसऱ्याला ३० ची, त्यातले साडेसात. दोघांचाही लाभ ०.२५. हे गुणोत्तर रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये भौतिकशास्त्राच्या ६२ अभ्यासक्रमांची तुलना करताना वापरले आणि तेव्हापासून ते रूढ झाले. दुसरी गोष्ट, दोन्ही चाचण्या दिलेल्यांचेच गुण धरा. कच्चे विद्यार्थी मध्येच विषय सोडतात, शेवटच्या चाचणीला तयारीचेच उरतात आणि सरासरी आपोआप चढते. हा गोंधळ मी स्वतः एकदा केला आहे. चार्ट सुरेख झाला होता.

चाचणीची उणीव लपवत नाही. एक चाचणी विषयाचा एक तुकडा मोजते. प्रयोग आखणे, माहितीवरून अनुमान काढणे हे त्यात येत नाही. सुधारणा मुख्यतः प्रात्यक्षिकांत झाली असेल, तर नैसर्गिक निवडीची चाचणी घेऊन तिला नापास ठरवणे अन्यायाचे होईल. तिथे प्रयोग आखण्याच्या कौशल्यावरची चाचणीच हवी.

वर्गात खरोखर काय चालते?

गुण वाढले नाहीत, तर पद्धत फसली की ती राबवलीच गेली नाही? हा फरक चाचणी सांगत नाही. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात महाविद्यालयातले सुरुवातीच्या जीवशास्त्राचे वर्ग यादृच्छिक पद्धतीने निवडून नैसर्गिक निवडीची समज तपासली गेली. सक्रिय अध्ययनाचा वापर आणि विद्यार्थ्यांची प्रगती यांत काहीच संबंध दिसला नाही. संशोधकांचे म्हणणे असे की सर्वसाधारण प्राध्यापक जे करतात ते वरवर सक्रिय अध्ययनासारखे दिसते, पण ज्यामुळे ते काम करते तोच गाभा हरवलेला असतो.

म्हणून निरीक्षण. त्याची दोन मुख्य साधने स्वभावाने अगदी वेगळी आहेत. कोपस २०१३ सालचे. निरीक्षक मागच्या बाकावर बसतो आणि दर दोन मिनिटांनी खुणा करतो. एकूण २५ संकेत, १३ विद्यार्थ्यांसाठी आणि १२ शिक्षकासाठी: ऐकत आहेत, गटात बोलत आहेत, शिक्षक फळ्यावर लिहितो आहे, बाकांमधून फिरतो आहे. दीड तासाच्या तयारीत ते हाती बसते. आरटॉप त्याआधीचे. २५ मुद्दे, प्रत्येकी शून्य ते चार, एकूण शंभर. ते अध्यापनाचा दर्जा जोखते आणि त्यासाठी निरीक्षकांना बरेच प्रशिक्षण लागते, नाहीतर एकाच तासाला एक जण ३५ देतो आणि दुसरा ६०.

विभागातल्या सहकाऱ्यांनीच एकमेकांचे तास पाहायचे असतील तर कोपस घ्या. त्यात कोणी कोणाला चांगले-वाईट म्हणत नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी अबोला धरावा लागत नाही. त्याची मर्यादाही मी मागच्या बाकावरच पाहिली. शिक्षक म्हणाले, ‘शेजाऱ्याशी चर्चा करा.’ वह्या मिटायच्या आत, अर्ध्या मिनिटात, त्यांनी स्वतःच उत्तर सांगून टाकले. माझ्या कागदावर त्या दोन मिनिटांत गटचर्चेची खूण इमानदारीने पडली. शेजारच्या वर्गातल्या खऱ्या चर्चेलाही अगदी तीच खूण. म्हणून कडेला दोन ओळी लिहायची सवय ठेवा. आणि एकाच तासावरून मत बनवू नका. २०१८ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या दोन हजारांवर तासांचा कोपस अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ५५ टक्के तास जवळजवळ नुसत्या व्याख्यानाचे होते. एका शिक्षकाची पद्धत नीट कळायला निदान चार तास पाहावे लागतात, असेही त्यातून निघाले.

अभिप्राय आणि रुब्रिक

अभिप्राय स्वस्त असतात आणि म्हणूनच मोहात पाडतात. डायान एबर्ट-मे आणि सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अध्यापनाची कार्यशाळा करून आलेल्या जीवशास्त्राच्या प्राध्यापकांना विचारले, तेव्हा ८९ टक्क्यांनी आपण बदल केल्याचे सांगितले. त्यांच्या तासांच्या चित्रफिती पाहिल्या, तर ७५ टक्के प्राध्यापक व्याख्यानावरच होते. खोटे कोणी बोलत नव्हते; मधूनमधून प्रश्न विचारणे हाच त्यांच्या मते बदल होता. विद्यार्थ्यांचेही तसेच. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सक्रिय वर्गातले विद्यार्थी जास्त शिकले, पण त्यांना वाटले की आपण कमी शिकलो. पहिल्या सत्राच्या तक्रारींवरून सुधारणा गुंडाळायला निघालेल्यांना हा निष्कर्ष जरूर दाखवा. अभिप्राय कामाचे नाहीत असे नाही. कोणत्या उपक्रमात मुले अडकतात, कशाचा वेळ वाया जातो, हे त्यांतूनच कळते.

रुब्रिकबद्दल थोडक्यात. २०११ च्या ‘व्हिजन अँड चेंज’ अहवालाने जीवशास्त्रासाठी पाच गाभ्याच्या संकल्पना आणि सहा क्षमता सुचवल्या. त्यांच्याशी सबंध विभाग किती जुळतो हे पाहायला पल्स या गटाने रुब्रिक तयार केल्या. अभ्यासक्रम, मूल्यमापन, प्राध्यापकांना मिळणारा आधार, सोयीसुविधा आणि बदलाला पोषक वातावरण हे सगळे त्यांत येते. एकाच विषयाचा तास बदलला असेल तर हे ओझे घेऊ नका. तीन वर्षांचा अभ्यासक्रम नव्याने बांधत असाल, तर मात्र विभागाने एकत्र बसून ती भरण्यासारखे दुसरे काही नाही; गुणांपेक्षा भरताना होणारी भांडणे जास्त कामाची.

पूर्वचाचणी राहून गेली असेल तर ती आता मागे जाऊन घेता येत नाही. तरी दोन वाटा उरतात. अजून जुन्याच पद्धतीने शिकवली जाणारी एखादी तुकडी असेल, तर तिला आणि नव्या तुकडीला एकाच दिवशी एकच चाचणी द्या, आणि दोघींचे प्रवेशाच्या वेळचे गुण सोबत मांडा. तशी तुकडीच नसेल, तर जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यातून समज तपासणारे तीन-चार प्रश्न शोधा आणि तेच शब्दशः यंदाच्या पेपरात घाला. रद्दीवाला येण्याआधी ते गठ्ठे बाजूला काढून ठेवा.