घरपट्टीच्या बिलावरचे ‘व इतर’

माझे वडील तलाठी होते. कोरेगाव तालुक्यात त्यांची सगळी नोकरी झाली. सात-बारा, फेरफार, वारसनोंद हे शब्द आमच्याकडे जेवताना कानावर पडायचे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणालाही वाटेल की या बाईला जमिनीच्या कागदांतलं काही कळत नसणार. कळत होतं. तरी अमेरिकेत घर घेताना आम्ही 46,000 डॉलरला फसलो.

नवरा डॉक्टर आहे. परदेशी डॉक्टराने जे-वन व्हिसावर इथे रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातलं प्रशिक्षण, केली की एक तर दोन वर्षं मायदेशी जाऊन राहावं लागतं, नाहीतर डॉक्टरांचा तुटवडा असलेल्या भागात तीन वर्षं काम करून ती अट माफ करून घ्यावी लागते. म्हणून अॅपलाचियन डोंगरांतल्या कोळशाच्या पट्ट्यात दवाखान्यांच्या पाट्यांवर भारतीय, पाकिस्तानी नावं सर्रास दिसतात. (इथले लोक ‘अॅपलॅचा’ म्हणतात. ‘अॅपलेशिया’ म्हटलं की तुम्ही परके हे लगेच कळतं.) आमच्या वाट्याला पूर्व केंटकी आलं. जवळचं मोठं गाव हॅझर्ड. सासूबाई फोनवर म्हणाल्या, “गावाचं नावच धोका, आणि तिथे चाललात?” खरं तर ते ऑलिव्हर हॅझर्ड पेरी नावाच्या नौदल अधिकाऱ्यावरून पडलंय, पण सासूबाई अगदीच चुकल्या असंही नाही.

आम्ही जुलै 2023 मध्ये पोचलो. त्याच्या आदल्या वर्षी, 2022 च्या जुलैअखेर, इथे महापूर आला होता. पंचेचाळीस माणसं गेली. या भागात सपाट जमीन म्हणजे ओढ्याकाठची पट्टी, त्यामुळे घरंही तिथेच, आणि वाहून गेली तीही तीच. भाड्याचं घर औषधालाही मिळेना. मोटेलच्या एका खोलीत पाच आठवडे काढले, मुलगा चार वर्षांचा. एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर मला नोकरी करता येत नव्हती, म्हणून घर शोधण्याचं काम माझ्याकडे. घाई आमची होती, आणि ती तोंडावर दिसत असणार.

पेट्रोल पंपावर हाताने लिहिलेला कागद चिकटवलेला होता: घर, तीन एकर, थेट मालकाकडून. फोन केला. तासाभरात तो माणूस मोटेलवर हजर. पन्नाशी उलटलेली, खाणीत बरीच वर्षं काढून पाठ गेलेली, मला दर वाक्याला ‘मॅम’ आणि नवऱ्याला ‘डॉक’. दुसऱ्या भेटीला टोमॅटो आणि घेवड्यासारख्या शेंगांची पिशवी घेऊन आला. त्या शेंगांना इथे ‘हाफ-रनर’ म्हणतात, मी लसूण-मिरचीची फोडणी घालून केल्या, फार छान लागल्या. राग त्याच्यावर आहे, शेंगांवर नाही.

घर एका हॉलरमध्ये होतं. हॉलर म्हणजे दोन डोंगरांमधली चिंचोळी घळ. तळाशी ओढा, ओढ्याला लागून एकच रस्ता, रस्त्याला चिकटून चार-सहा घरं. फोनला रेंज नाही. हे घर मात्र रस्त्यापासून चांगलं वीस फूट वर. त्याच्या आईवडिलांचं, आई जाऊन तीन वर्षं झालेली. मागे चढावर घराण्याची दफनभूमी, पंधरा-वीस दगड. तो म्हणाला, त्या बाजूला कुणी फिरकत नाही आता.

आम्ही आमच्या परीने चौकशी केली. शेजाऱ्याला विचारलं, पुराचं पाणी कुठवर आलं होतं? त्याने आपल्या पडवीच्या खांबावरची चिखलाची रेघ दाखवली, आमच्या पायरीच्या बरीच खाली. विहिरीचं पाणी तपासून घेतलं. छपरावर चढून पाहिलं. आणि मालकीचा पुरावा मागितला, तर त्याने घरपट्टीचं बिल पुढे केलं. केंटकीत घरपट्टी शेरीफ, म्हणजे इथला पोलीसप्रमुख, गोळा करतो, त्यामुळे बिलावर शेरीफचं नाव. ते पाहूनच आम्ही निम्मे गार झालो. बिलावर त्याचं नाव, पत्ता, रक्कम भरल्याचा शिक्का. नावापुढे मोठ्या अक्षरांत आणखी चार अक्षरं एकत्र छापलेली: ‘एटअल’. मला वाटलं, असेल काहीतरी ऑफिसचं लघुरूप.

तो बावन्न हजारांवरून सेहेचाळीसवर आला. अट एकच, बँकेचं कर्ज नको. “बँक आली की दोन महिने जातात मॅम, आणि एजंटाचं कमिशन, वकिलाची फी, सगळं शेवटी तुमच्याच खिशातून.” आमच्याकडे साठवलेले होते आणि नोकरीवर रुजू होतानाचा बोनस आला होता. म्हटलं, ठीक. आता कळतं की बँक असती तर तिने स्वतःच्या पैशांसाठी का होईना, मालकीचा शोध घ्यायला लावला असता. जो माणूस बँक नको म्हणतो, तो तुमचे दोन महिने वाचवत नसतो.

सह्या नोटरीसमोर झाल्या. दीड पानाचा कागद, वर नाव ‘क्विटक्लेम डीड’. मी ‘डीड’ वाचलं, पुढचं मन आपोआप म्हणालं, खरेदीखत. काउंटी म्हणजे इथला जिल्हा, त्या काउंटीच्या क्लार्कच्या ऑफिसात तो नोंदवला, पुस्तक क्रमांक, पान क्रमांक मिळाला. आपल्याकडे दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो तेव्हा मालकी खरी की खोटी हे तपासत नाही, हे मला वडिलांमुळे पाठ होतं. इथला क्लार्कही तपासत नाही. पण परदेशातल्या सरकारी शिक्क्यावर आपला उगाच जास्त विश्वास असतो.

नऊ-दहा महिने सुखात गेले. मग 2024 च्या मेअखेरचा शनिवार आला.

सकाळी साडेआठला एकामागून एक पाच गाड्या वर आल्या. ओहायो आणि मिशिगनच्या नंबरप्लेटी. गाड्यांतून माणसं उतरली, खुर्च्या, बर्फाचे डबे, प्लॅस्टिकच्या फुलांचे हारे. त्यांतली सत्तरीची एक बाई सरळ आमच्या अंगणातल्या पिओनीच्या ताटव्याकडे गेली आणि खिशातून कात्री काढून फुलं कापायला लागली. मी बाहेर गेले. तिने माझ्याकडे पाहिलं, अगदी गोड हसली आणि म्हणाली, “हनी, तुम्ही भाड्याने घेतलंय का? किती देता त्याला?”

त्या वीकेंडला इथे ‘डेकोरेशन डे’ असतो. खाणींत यंत्रं आली, कामं गेली, तशी इथली कुटुंबंच्या कुटुंबं ओहायो-मिशिगनच्या कारखान्यांकडे गेली. पण वर्षातून एकदा ती मेलेल्यांच्या दगडांवर फुलं वाहायला डोंगरात परततात. आपल्या सर्वपित्रीसारखंच म्हणा, फक्त इथे कावळ्याची वाट बघत नाहीत. ती बाई विकणाऱ्याची थोरली बहीण होती. भावंडं एकूण पाच. वडील मृत्युपत्र न करता गेले, आईही तशीच गेली. घर पाचांचं.

मी आत येऊन पंचेचाळीस मिनिटं सिंक घासत बसले होते, असं नवरा सांगतो. मला आठवत नाही.

सोमवारी सुट्टी, मंगळवारी वकील गाठला. तो म्हातारा, ऑफिसात खाणीचा जुना दिवा टांगलेला. त्याने आमचा कागद वाचला, चष्मा काढला आणि सांगितलं, या कागदात विकणारा एवढंच म्हणतो की या जागेत माझं जे काही असेल, ते मी तुम्हाला देतो. माझं आहे असं म्हणतच नाही. किती आहे तेही म्हणत नाही. काही नसलं तरी कागद खोटा ठरत नाही.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हक्कसोडपत्र! 2019 मध्ये वडील गेल्यावर मी स्वतः कोरेगावला जाऊन भावाच्या नावे हक्कसोडपत्रावर सही केली होती. घरात माझा जो काही हिस्सा असेल तो सोडते, असं. त्या कागदावर कुणा तिऱ्हाइताने मला पूर्ण घराची किंमत दिली असती, तर वडिलांनी स्वर्गातून चप्पल फेकली असती. तोच कागद इंग्रजीत समोर आला आणि मी खरेदीखत समजून पेढे वाटले. इथे खरेदीखताच्या तोडीचा कागद म्हणजे ‘वॉरंटी डीड’. त्यात विकणारा मालकीची हमी देतो, उद्या दावेदार उभा राहिला तर निस्तरायची जबाबदारी त्याची.

वकिलाने मग घरपट्टीचं बिल मागितलं. त्या चार अक्षरांवर पेन्सिल टेकवली आणि नवऱ्याकडे पाहिलं. “डॉक, हे तुम्ही रोज वाचत असाल.” एट अल. नवऱ्याचे स्वतःचे सहा शोधनिबंध आहेत, प्रत्येक संदर्भात पहिल्या लेखकामागे एट अल. सलग छापलेलं असल्याने ओळखलं नाही, असं तो म्हणतो. म्हणजे सात-बाऱ्यावर लिहितात तसं, ‘व इतर’. विकणाऱ्याने लपवलं काहीच नव्हतं. इतर चारजण त्याने आमच्या हातात छापील दिले होते. तोंडाने मात्र ‘मी एकटाच वारस’ असं म्हणाला होता, आणि तोंडचं म्हणणं आमच्याकडे कुठे लिहून होतं?

अशा जागेला इथे ‘एअर्स प्रॉपर्टी’ (वारसांची सामायिक मिळकत) म्हणतात आणि ती पावलोपावली सापडते. कुणीही एक वारस आपला हिस्सा विकू शकतो, घेणारा बाकीच्यांचा भागीदार होतो. घर वाटता येत नसेल तर कुणीही एक जण कोर्टात जाऊन सगळंच विकायला लावू शकतो. आम्ही 46,000 ला जे घेतलं त्याची हिशोबाने किंमत 9,200. स्थानिक वकिलाने आधी शोध घेतला असता तर साडेतीनशे डॉलर घेतले असते, असं तोच म्हणाला. आपल्याकडे फ्लॅट घेताना तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढल्याशिवाय आपण इसारसुद्धा देत नाही. इथे येताना ती सवय विमानतळावर सोडून येऊ नका. आणि शोध लागला की वर ‘टायटल इन्शुरन्स’, म्हणजे मालकीहक्काचा विमाही घ्या.

आता वकिलाने जो शोध घेतला, त्यात आणखी एक गोष्ट निघाली. आमच्या पायाखालचा कोळसा आमचा नाही. या घराण्याच्या पणजोबाने शंभरेक वर्षांपूर्वी एका कंपनीला विकलेला, सहीच्या जागी फुली. या भागात तेव्हा एकरी पन्नास सेंटपासून असे कागद झाले. वरची जमीन शेतकऱ्याची, खालचं सगळं कंपनीचं, आणि ते काढायला जे करावं लागेल ते करायची मुभा. या कागदांच्या जोरावर पुढे बुलडोझरनी लोकांची परसं, शेतं उकरली. 1988 मध्ये केंटकीच्या मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून त्याला चाप लावला: कागद झाला तेव्हा जी पद्धत त्या भागात रूढ होती तिनेच कोळसा काढायचा, वरून उकरायचं तर जमीनमालकाची संमती हवी. ही फसवणूक नव्हे, इथली जुनी रीत. पण ‘तीन एकर’ म्हणजे आकाशापासून पाताळापर्यंत आपले, असा समज असेल तर काढून टाका. खाली जुने बोगदे असतील तर जमीन खचते, त्याचा विमा वेगळा घ्यावा लागतो. आमच्या भिंतीवरचं नवंकोरं लाकडी पॅनेलिंग मी मोठ्या कौतुकाने पाहिलं होतं. त्यामागे भिंतीला तडे आहेत का, ते काढून बघायचं आम्ही अजून लांबणीवर टाकतोय.

एक मात्र बघितलं. शेजारी एकदा सहज म्हणाला, तुमचा पाइप मोठा आहे हो. कसला पाइप? आरोग्य खात्याचा माणूस आला. त्याने संडासात हिरवा रंग टाकला, मला म्हणाला, मी हाक मारली की फ्लश करा, आणि खाली ओढ्यात जाऊन उभा राहिला. मी फ्लश केलं. मिनिटभराने खालून आवाज आला, “येस, मॅम!” जाऊन पाहिलं तर नेच्यांच्या झुडपातून हातभर बाहेर आलेला काळा पाइप, त्यातून पोपटी पाणी ओढ्यात पडतंय. सेप्टिक टाकी नव्हतीच कधी. याच ओढ्यात माझा मुलगा दोन उन्हाळे चिमुकल्या शेवंडांसारखे क्रॉडॅड पकडत होता. घर घेताना सेप्टिकचा परवाना बघायला मागा. तो आरोग्य खात्याकडे मिळतो, आणि परवाना नसेल तर बहुधा टाकीही नसते.

विकणाऱ्याचा फोन बंद. टेनेसीत आहे म्हणतात. शेरीफच्या ऑफिसात सांगितलं, हे दिवाणी प्रकरण. वकील म्हणाला, दावा लावा, जिंकालही, पण त्याच्याकडून वसूल काय करणार, टोमॅटो?

दोघा भावंडांनी सहा-सहा हजार घेऊन आपले हिस्से लिहून दिले, या वेळी वकिलाच्या हातचा कागद. थोरल्या बहिणीने पैसे तर घेतलेच, शिवाय दफनभूमीकडे जायची वाट आणि दर मेमध्ये पिओनी कापायचा हक्क लिहून घेतला. मला तिच्याविषयी आदर आहे. कागद कसा करतात ते तिला आमच्यापेक्षा जास्त कळतं. चौथा भाऊ वारलाय, त्याची दोन मुलं मिशिगनला. एक सापडला, दुसऱ्याचा पत्ता नाही, म्हणून कोर्टाने त्याला शोधण्यासाठी वकील नेमलाय. त्याची फी आमच्याकडेच.

शेरीफकडून यंदाचं घरपट्टीचं बिल गेल्या आठवड्यात आलं. त्यावर आता आमची नावं आहेत, आधी नवऱ्याचं, मग माझं. त्यापुढे, सलग चार अक्षरांत, ‘एटअल’.