बॅजर्स हॉकीचा सीझन पास: पाच महिने वापरून

घेतला ऑक्टोबर 2019 मध्ये, संपला मार्च 2020 मध्ये. पाचपैकी अडीच स्टार. त्यातला अर्धा एकट्या कोल कॉफील्ड या खेळाडूचा.

अमेरिकेतल्या मॅडिसनमधला पहिला हिवाळा घरात हीटरशेजारी बसून काढला. दुसऱ्या हिवाळ्यात तेच नको म्हणून विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या पुरुष आइस हॉकी संघाचा, म्हणजे बॅजर्सचा, अख्ख्या मोसमाचा पास घेतला. मोह पडायला कारणही तसंच होतं. 2019 च्या एनएचएल ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक हॉकी लीगचे संघ तिथे तरुण खेळाडू निवडतात) लॉस एंजेलिसने पाचव्या क्रमांकावर घेतलेला ॲलेक्स टर्कॉट, पंधराव्यावर माँट्रियलने उचललेला कोल कॉफील्ड, आणि आदल्या वर्षी न्यूयॉर्क रेंजर्सने बाविसाव्यावर घेतलेला के'आंद्रे मिलर, तिघेही आमच्याच संघात. (ड्राफ्टमध्ये निवड झाली तरी पोरं कॉलेजात खेळतात, हे मला इथे आल्यावर कळलं.) खात्यावर सहा राष्ट्रीय विजेतेपदं, शेवटचं 2006 चं. सातवं आता आलंच, असं मी धरून चाललो होतो.

हाती काय लागलं? 36 सामने, 14 विजय, 20 पराभव, 2 बरोबरी. बिग टेन या आमच्या विद्यापीठांच्या गटात हॉकी खेळणारे संघ सात, त्यात आम्ही सातवे. सातवं आलं म्हणायचं.

आधी चांगलं सांगतो. कॉफील्ड जेमतेम पाच फूट सात इंच, बर्फावर उभा असला की कुणाचा तरी धाकटा भाऊ वाटतो. पण पॉवर प्लेमध्ये (म्हणजे समोरचा गडी शिक्षेमुळे बाहेर असताना) डावीकडे पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, त्याच्याकडे आला की आख्खं कोल सेंटर श्वास रोखायचं. (मराठीत लिहिताना खेळाडूही कोल, स्टेडियमही कोल. इंग्रजीत स्पेलिंग वेगळं आहे.) पहिल्याच वर्षी त्याने 19 गोल केले. त्यातले जे डोळ्यांनी पाहिले, त्यांचे पैसे वसूल.

आता दुखणं. गोल करता यायचे, पण अडवता यायचे नाहीत. सुरुवातीलाच मेरिमॅकला 11-5 ने हरवलं तेव्हा सगळे अकरावर खूश होते. माझ्या शेजारच्या खुर्चीतले आजोबा, 1973 च्या विजेतेपदापासूनचे भक्त, पुढच्या भेटीत एवढंच म्हणाले, "पाच कशाला दिले?" तेव्हा मला ते खडूस वाटले. डिसेंबरपर्यंत मीही तेच विचारू लागलो. प्रतिस्पर्ध्याच्या गोलकीपरला इथे प्रेक्षक 'सीव्ह, सीव्ह' म्हणून चिडवतात, म्हणजे चाळणी. जानेवारीनंतर ते ओरडताना मला जरा ओशाळल्यासारखं व्हायचं, कारण चाळणी आमच्याही घरात होती. सगळा दोष गोलकीपरचा मात्र नाही. ब्लू लाइनवर (बर्फावरच्या निळ्या रेषेवर) पक हरवायचा आणि समोरून दोघं मोकळे सुटायचे, त्याला तो बिचारा काय करणार?

कारण माझ्या मते वय. कॉलेज हॉकीत बरेच जण ज्युनियर लीग खेळून विसाव्या-एकविसाव्या वर्षी पहिल्या वर्गात येतात. म्हणजे शेवटच्या वर्षातला गडी चोवीस-पंचवीसचा, पुरता कमावलेला. आमचे हिरे अठरा ते वीसचे. रिंकच्या कडेच्या फळीपाशी धक्काबुक्की झाली की पक कुणाकडे जाणार हे लांबूनही कळायचं. तेव्हाचे प्रशिक्षक टोनी ग्रॅनाटो यांनी 2018 ला अमेरिकेचा ऑलिंपिक संघ सांभाळला होता, पण अनुभव काही पोरांच्या खांद्यात भरता येत नाही. शेवट मार्चमध्ये कोलंबसला, ओहायो स्टेट विद्यापीठाकडून हरून. मी तो घरी पाहिला, सोफ्यावर, कोट न घालता.

एक फुकटचा सल्ला. कोल सेंटरला चिकटूनच लाबान अरीना आहे, दोन हजारांच्या आसपास खुर्च्यांचं. तिथे याच विद्यापीठाचा महिला संघ खेळतो. 2019 चे राष्ट्रीय विजेते, प्रशिक्षक मार्क जॉन्सन, 1980 च्या ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाला हरवणाऱ्या चमूतले. त्यांचे वडील बॉब यांनीच पुरुष संघाला 1973, 1977 आणि 1981 ची विजेतेपदं मिळवून दिली होती. तिथे एकीने दिलेला पक दुसरीला नेमका मिळतो, आणि बसायला इतकं जवळ की स्केटखाली बर्फ खरवडल्याचा आवाज येतो. हे मला फेब्रुवारीत सुचलं, हा माझा गाढवपणा.

पुन्हा घेणार का? टर्कॉट आणि मिलर करार करून गेले, कॉफील्ड आणखी एक वर्ष थांबला. महिला संघाचा पास आधी घेईन. मग पुरुषांचा, पण खुर्ची आजोबांच्या शेजारचीच मिळणार असेल तर.