स्तोत्रकारांच्या चरित्रांचं जुनं पुस्तक : नऊ महिने वापरल्यावर

डब्लिनच्या एका चॅरिटी शॉपमध्ये हे जाडजूड पुस्तक चार युरोला मिळालं. सुरुवातीची पानं गायब, त्यामुळे कोणी कधी काढलं ते विचारू नका. आत इंग्लिश आणि आयरिश ख्रिस्ती गीतकारांची, चाली बांधणाऱ्यांची चरित्रं. मागे चालींची सूची. मी चर्चच्या क्वायरमध्ये आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा सूर, गाते. रविवारची चार गीतं गुरुवारी कळतात. जेवणं उरकली की त्यांची पानं काढून बसायचं, हा आता नेमच झालाय.

पैसे वसूल झाले ते सूचीमुळे. शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची आणि चालीला स्वतःचं वेगळं नाव, हे नगरला लहानपणी दर रविवारी भक्तीला जाऊनही माझ्या डोक्यात कधी शिरलं नव्हतं. ओळींची अक्षरं मोजायची, ८-६-८-६ भरली की त्या मापाची कुठलीही चाल लावून बघायची. जॉन न्यूटनचं (शास्त्रज्ञ नव्हे, गीतकार) ‘अमेझिंग ग्रेस’ या मापाचं, क्रॉफ्टची ‘सेंट ॲन’ ही चालही. एकदा कुकर लावून, ओट्यावर बोटांनी ताल धरत याचे शब्द त्या चालीत म्हणून पाहिले. चपखल बसले, पण गाणं एकदम ताठ उभं राहिलं, कवायतीला निघाल्यासारखं. क्रॉफ्ट लंडनमधल्या सोहोच्या सेंट ॲन चर्चचा ऑर्गनवादक, म्हणून चालीचं ते नाव. आणि आपण सगळे ज्या चालीत ‘अमेझिंग ग्रेस’ म्हणतो ती त्याला अमेरिकेत १८३५ मध्ये जोडली गेली. न्यूटनला जाऊन तेव्हा अठ्ठावीस वर्षं झाली होती!

आता तक्रार. लेखक भाबडा आहे. १७४८ च्या वादळात न्यूटनला देव आठवला आणि त्याने गुलामांचा धंदा सोडला, असं तो सरळ लिहून मोकळा होतो. खरं म्हणजे त्यानंतरही न्यूटन गुलामवाहू जहाजांचा कप्तान होता. समुद्र सुटला तो १७५४ मध्ये, तोही आजारपणामुळे. त्या धंद्याविरुद्ध त्याने जाहीरपणे लिहिलं १७८८ मध्ये. हे समजल्यावर मला ते गाणं जास्त जवळचं वाटतं, पण पुस्तकाला ती चाळीस वर्षं अडचणीची वाटली असावीत.

सेसिल फ्रान्सेस अलेक्झांडरबाईंचंही तेच. ‘देअर इज अ ग्रीन हिल फार अवे’ मधली टेकडी म्हणे उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहराच्या तटाबाहेरची. त्याच पानावर तारखा दिल्यात: मुलांसाठीचा तो गीतसंग्रह १८४८ चा, लग्न १८५० ला, नवरा डेरीचा बिशप झाला १८६७ मध्ये. संग्रह निघाला तेव्हा बाई स्ट्रबेनला राहत होत्या. डेरी काही फार लांब नाही, पण बिशपच्या घरातून टेकडी बघत गीत सुचल्याची गोष्ट काही जमत नाही. त्या संग्रहाच्या कमाईतून मुक्या-बहिऱ्या मुलांच्या शाळेला मदत गेली, याला मात्र अर्धी ओळ!

जोसेफ स्क्रिव्हनचं पान सगळ्यात मळलंय. आधीच्या मालकानेही तेच वाचलं असणार. काउंटी डाउनचा हा माणूस. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरी बुडाली, तो कॅनडाला गेला, तिथेही ठरलेलं लग्न मुलीच्या मृत्यूने मोडलं. ‘व्हॉट अ फ्रेंड वी हॅव इन जीझस’ त्याने दूर राहिलेल्या आईसाठी लिहिलं. १८८६ मध्ये तो स्वतःही पाण्यातच गेला. आमच्याकडे मयतीला हे गीत मराठीत म्हणायचे. रविवारी ते आलं तेव्हा दुसऱ्या कडव्यात माझा आवाज बसला, शेजारणीने सांभाळून घेतलं.

चालकारांवर मात्र अन्याय. डाइक्सने तीनेकशे चाली बांधल्या, ‘होली होली होली’ ची ‘नायसीया’ ही चाल त्याचीच. त्याला अर्धं पान, आणि त्यातलं निम्मं बिशपशी झालेल्या भांडणात खर्ची. डब्लिनच्या संगीतकार स्टॅनफर्डचं पान आहे, पण संगीतकार होल्स्ट त्याचा विद्यार्थी हे कुठे नाही.

छपाई बारीक, चष्म्याशिवाय तळटिपा दिसत नाहीत. पाचव्या महिन्यात शिलाई उसवली आणि वॉट्स या गीतकाराची पानं सुटून वेस्ली या दुसऱ्या गीतकाराच्या पानांत शिरली. बाइंडरने बावीस युरो सांगितले. घासाघीस न करता दिले.