रँसचं कॅथेड्रल: दुर्बीण न्यायला विसरू नका

पॅरिसच्या गार द लेस्त स्टेशनहून जलद गाडीने पाऊण तासात रँसला पोचलो. कॅथेड्रलमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चमध्ये, आत जायला तिकीट नाही. मी मात्र आधी अर्धा तास बाहेरच थांबलो, डावीकडच्या दारातल्या हसऱ्या देवदूतासाठी. १९ सप्टेंबर १९१४ला जर्मन तोफांच्या माऱ्यात परांची पेटली, छप्पर जळालं आणि या देवदूताचं मुंडकं खाली पडून फुटलं. तुकडे जपून ठेवले होते म्हणून १९२६मध्ये ते पुन्हा बसवता आलं. सांधा कुठे दिसतोय का म्हणून मान दुखेपर्यंत पाहिलं. नाही दिसला, दुर्बीण हवी होती.

मनोऱ्यावर मार्गदर्शकासोबतच जाता येतं, साधारण २५० पायऱ्या. गुडघे कुरकुरले, पण चुकवू नका. जळालेल्या लाकडाच्या जागी वास्तुविशारद आंरी दनो यांनी काँक्रीटचे छोटे छोटे तुकडे जोडून छताचा सांगाडा उभारला. जुनं दिसावं असा खोटा आव नाही, हे मला फार आवडलं. कॅथेड्रल पुन्हा पूर्णपणे उघडायला मात्र १९३८ उजाडलं.

आत गेल्यावर थेट पूर्व टोकाला जा. चित्रकार मार्क शागालच्या १९७४च्या खिडक्यांच्या रंगीत काचा तिथेच आहेत, निळ्याशार. शेजारी लाल-पिवळ्या-निळ्या तुकड्यांच्या काचा २०११च्या, इमी क्नोबेल या जर्मन चित्रकाराच्या. हो, जर्मनच! सोबतच्या आतेबहिणीला त्या भडक वाटल्या. मी तिथून हलेना, शेवटी तीच बाहेर जाऊन बसली.