नऊ महिने, तीसेक लग्नं आणि एक एसएसडी

गेल्या तुळशीच्या लग्नाच्या आठवड्यात मी एडिटिंगच्या पीसीत डब्ल्यूडी ब्लॅक एसएन८५०एक्स ही २ टीबीची एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी ड्राइव्ह, बसवली. आता श्रावण लागलाय, मुहूर्त संपलेत, टेबलावर दोन अल्बम आणि डोक्यात एक थकलेलं पेमेंट एवढंच उरलंय, म्हणून निवांत लिहायला बसलो. धंदा लग्नाच्या शूटिंग-एडिटिंगचा. स्टुडिओ म्हणजे नाशिकच्या सिडकोतल्या घराची गच्चीलगतची खोली. मशीन रायझन ७ ५७००एक्स प्रोसेसर, बी५५० बोर्ड, ३२ जीबी रॅम, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड. एडिटिंगचं सॉफ्टवेअर पूर्वी एडियस होतं, आता डाविंची रिझॉल्व्ह स्टुडिओ.

आधी जुन्या एसएसडीची गोष्ट, कारण नवी का घेतली ते त्यातच आहे. तीही एनव्हीएमईच होती, म्हणजे थेट बोर्डावर बसणारी वेगवान जात. १ टीबी, खोक्यावर वेगाचा ठळक आकडा, भाव बघून डोळे झाकून उचललेली. कंपनीचं नाव घेत नाही, कारण चूक माझ्या निवडीची होती. गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर लग्न, आदल्या संध्याकाळी हळद. मुलीच्या वडिलांची इच्छा अशी की हळदीचं हायलाइट दुसऱ्या दिवशी रिसेप्शनला एलईडी वॉलवर लागलंच पाहिजे. रात्री साडेअकराला दुसऱ्या कॅमेऱ्यावरचा मित्र पोर्टेबल एसएसडीत ४०० जीबी घेऊन आला. पठ्ठ्याने सगळं ऑल-इंट्रात, म्हणजे प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवणाऱ्या जड फॉरमॅटमध्ये चालवलं होतं.

कॉपी लावली. ९०० एमबी प्रति सेकंद! आमच्या असिस्टंट पोराने खाली जाऊन चहा टाकला. चहाला उकळी फुटायच्या आत विंडोजच्या खिडकीतला हिरवा आलेख कड्यावरून दगड सुटावा तसा खाली आला आणि ९० वर जाऊन बसला. पोरगा म्हणाला, "दादा, वायर ढिली असंल." वायर बदलली, पोर्ट बदलला, मशीन रीस्टार्ट केलं. आकडा हलेना. पहिले शंभरेक जीबी दोन मिनिटांत गेले होते, उरलेल्या तीनशेला तासभर लागला. जुनी फिरती हार्ड डिस्कसुद्धा दीडशेने लिहिते, म्हणजे ही त्याहून हळू. हायलाइट लागलं, पण मी सकाळी साडेसहाला झोपलो आणि नऊला मंडपात उभा होतो.

झालं काय होतं? ती एसएसडी क्यूएलसी चिपची होती. एका सेलमध्ये (चिपवरच्या एका कप्प्यात) चार बिट कोंबायचे म्हणजे विद्युतभाराच्या सोळा वेगवेगळ्या पातळ्या अचूक बसवायच्या, आणि त्याला वेळ लागतो. टीएलसी चिपमध्ये तीन बिट, आठ पातळ्या. हा संथपणा झाकायला ड्राइव्ह रिकाम्या जागेचा काही भाग तात्पुरता एका बिटाने भरते आणि सवडीने तो माल नीट रचून ठेवते. कांद्याची ट्रॉली अंगणात ओतायला पाच मिनिटं लागतात, तोच कांदा चाळीत भरायला दिवस जातो. अंगण भरलं की पुढची ट्रॉली दारात उभी, आणि चाळीत जेवढं भरेल तेवढ्याच वेगाने ती रिकामी होणार. खोक्यावरचा आकडा हा अंगणात ओतण्याचा असतो. त्यात ड्राइव्ह जितकी भरलेली तितकं अंगण लहान, आणि सीझनमध्ये आमच्या ड्राइव्ह कायम भरलेल्या.

म्हणून या वेळी दुकानात गेलो तेव्हा वेगाचा आकडा सोडून तीन गोष्टी विचारल्या. टीएलसी आहे का, स्वतःची डीरॅम (कुठे काय ठेवलंय त्याची नोंद ठेवणारी मेमरी) आहे का, आणि वॉरंटीत किती टीबी लिहायची मुभा आहे. या २ टीबी मॉडेलला पाच वर्षं किंवा १२०० टीबी, जे आधी होईल ते. बजेटच्या क्यूएलसी ड्राइव्हना बऱ्याचदा याच्या निम्माही आकडा नसतो. दुकानदार जेन५ (बोर्डाशी जोडणीची पाचवी पिढी) काढून दाखवत होता, चौदा हजार एमबीवाली. माझ्या बोर्डाला जेन५ कळतच नाही म्हटल्यावर त्याने ती गुपचूप ठेवून दिली. भाव लिहीत नाही, त्यानंतर बाजार इतका हलला की माझा आकडा तुमच्या कामाचा नाही.

बसवताना पहिला घोळ. बोर्डावर एसएसडी बसते तो वरचा एम.२ स्लॉट ग्राफिक्स कार्डाच्या खाली येतो. कार्ड काढायचा कंटाळा, म्हणून एसएसडी खालच्या स्लॉटला लावली. मशीन चालू केलं तर ४ टीबीची हार्ड डिस्क गायब! त्या डिस्कवर तीन पार्ट्यांचा न दिलेला माल. पोटात गोळा आला. तासाभराने बोर्डाचं मॅन्युअल उघडलं तर बारीक अक्षरात लिहिलेलं: दुसऱ्या एम.२ स्लॉटमध्ये ड्राइव्ह असेल तर सॅटा ५ आणि ६ (हार्ड डिस्कच्या केबलचे पोर्ट) बंद. हार्ड डिस्कची केबल दुसऱ्या पोर्टला लावली, डिस्क हजर. अनेक बी५५० बोर्डांवर हीच रचना असते, तेव्हा आधी मॅन्युअल बघा आणि मग घाबरा.

त्याच मॅन्युअलात दुसरं कळलं. बी५५० मध्ये वरचा स्लॉट थेट प्रोसेसरला जोडलेला, तो जेन४. खालचा चिपसेट या बोर्डावरच्या मधल्या चिपवरून, तो जेन३. म्हणजे ७३०० एमबीची एसएसडी साडेतीन हजारांवर चालणार. मी हळहळलो, पण सीझन तोंडावर होता म्हणून तशीच चालवली. मार्चमध्ये वरच्या स्लॉटला हलवली. टाइमलाइनवर फरक? शून्य. बेंचमार्कमध्ये आकडा दुप्पट झाला, माझं काम मिनिटभरानेही लवकर संपलं नाही.

हे का, ते समजून घेतलंत तर तुमचे बरेच पैसे वाचतील. कॅमेऱ्याचा १०० एमबीपीएस म्हणजे मेगाबिट, आणि एसएसडीचा एमबी म्हणजे मेगाबाइट. आठाने भागा. १०० मेगाबिटचं ४के फुटेज सेकंदाला फक्त साडेबारा एमबी मागतं. तीन कॅमेऱ्यांचा मल्टिकॅम लावला तरी चाळिशीच्या आत. रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडींचं, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदांचं शूट होतं. त्यात बाहेरून आलेल्या कॅमेरामनने प्रोरेझ ४२२ एचक्यू या जड फॉरमॅटमध्ये रेकॉर्ड केलं, ४के २५ फ्रेमला ७३७ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला ९२ एमबी. माझ्याकडे आलेलं सगळ्यात जड फुटेज हेच. असे चार स्ट्रीम एकत्र चालवले तरी पावणेचारशेच्या आत बसतात, आणि तेवढं तर ५५० वाली साधी सॅटा एसएसडीसुद्धा ओढते.

मग टाइमलाइन अडखळायची ती का? सोनीचं १०-बिट ४:२:२ एच.२६५ फुटेज (जास्त रंगमाहिती, पण घट्ट दाबून साठवलेली) टाकलं की माझं मशीन धापा टाकायचं, आणि मी दोन वर्षं ड्राइव्हला शिव्या घालत होतो. खरी मेख अशी की आरटीएक्स ३०६० हे फुटेज हार्डवेअरवर उलगडू शकत नाही. एनव्हिडियात ती सोय ५० सिरीजपासून आली. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या क्विक सिंक या व्हिडिओ उलगडणाऱ्या भागात ती आहे, माझ्या रायझनमध्ये नाही. सगळा भार प्रोसेसरवर. नवी एसएसडी लावूनही ते फुटेज तस्संच अडखळलं, तेव्हा कुठे डोळे उघडले. आता रात्री प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या प्रती) बनवायला लावतो आणि सकाळी लोण्यासारखं चालतं. तुमचा व्हिडिओ अडकत असेल तर टास्क मॅनेजर उघडा. डिस्क ५ टक्के आणि सीपीयू १०० दिसला, तर एसएसडीचे पैसे खिशात ठेवा.

फरक पडला तो लिहिण्यात. तेवढीच ४०० जीबीची कॉपी आता शेवटच्या फाइलपर्यंत नऊशेच्या आसपास चालते, आठ मिनिटांच्या आत खेळ खलास. रिझॉल्व्हचा रेंडर कॅश (आधीच तयार करून ठेवलेल्या फ्रेम) याच ड्राइव्हवर आहे, आणि नॉइज रिडक्शन लावलेले मंडपातले क्लिप कॅश होताना बाजूला प्रॉक्सी बनत असतात, वर कॅमेऱ्याचं कार्डही रिकामं होत असतं. तरी मशीन गुदमरत नाही. कार्ड रिकामं व्हायचा वेग मात्र वाढला नाही, कारण माझ्या यूएचएस-१ जातीच्या मेमरी कार्डाची मर्यादाच सेकंदाला १०४ एमबी. तिथे कितीही भारी एसएसडी लावा, कार्ड आपल्याच चालीने येणार.

आता उष्णतेचं. गच्चीची खोली, स्लॅब तापलेला, एप्रिलात नाशिकचा पारा चाळिशीला टेकलेला. ड्राइव्ह वरच्या स्लॉटला हलवल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो या ड्राइव्ह तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये तापमान ८०च्या पुढे दिसायला लागलं. लांबलचक एक्स्पोर्टमध्ये वेगही बसायचा. खोलीत कूलर लावला, कॅबिनेटची बाजू उघडी ठेवली, एक पंखाही वाढवला. दोन-तीन अंशांचा फरक. तीन आठवड्यांनी वैतागून बोर्डाचा हीटसिंक (उष्णता ओढून घेणारी धातूची पट्टी) काढला तर त्याच्या थर्मल पॅडवरचं निळं प्लास्टिक जसंच्या तसं! मीच काढायचं विसरलो होतो. पोरगा हसू दाबत बाहेर गेला. प्लास्टिक काढून पुन्हा बसवला, त्याच एक्स्पोर्टला ६५च्या वर गेली नाही. एसएसडीवरचा कंपनीचा स्टिकर मात्र काढू नका. दुकानातला माणूस "काढला की थंड राहते" म्हणत नख लावत होता, मी हात धरला. स्टिकर गेला की वॉरंटीचं भांडण तुमच्या गळ्यात.

नऊ महिन्यांत ३४ टीबी लिहून झालंय, हेल्थ ९७ टक्के दाखवते. या चालीने १२०० टीबी माझ्याच्याने संपत नाहीत, पुढच्या वर्षीचा सिंहस्थ धरला तरी. खटकतं ते एकच: २ टीबी पुरत नाही. एका लग्नाचं सहा-सातशे जीबी येतं, दोन लग्नं आणि कॅश ठेवला की शेवटचे वीस टक्के मोकळे ठेवण्यासाठी माझी सारखी आवराआवर. डिलिव्हरी झाली की माल हार्ड डिस्कवर, तोही दोन डिस्कवर. एसएसडी मरताना खडखड करत नाही, आणि डिलीट झालेली फाइल ट्रिममुळे (ती जागा ड्राइव्ह स्वतःच साफ करते) परत मिळणं जवळजवळ अशक्य. हार्ड डिस्कच्या काळात रिकव्हरीवाल्याकडे तरी जाता यायचं.

जुनी क्यूएलसी फेकली नाही. खालच्या स्लॉटला लावून तिच्यावर गाण्यांची लायब्ररी, टायटलचे टेम्प्लेट, सनई-चौघड्याचे ट्रॅक आणि अल्बमच्या पीएसडी (फोटोशॉपच्या फाइल) ठेवल्यात. एकदा लिहायचं आणि वर्षभर वाचत राहायचं. त्या कामाला ती झकास चालते.