लोड ॲप: भाडं दिसतं, बॅलन्स दिसत नाही

कळंबोलीचं स्टील मार्केट असो, निगडीची ट्रान्सपोर्ट नगरी असो की नागपूरचं वाडी. एक-दोन गाड्या असलेल्या मालकाच्या मोबाईलवर हल्ली लोड ॲप, म्हणजे ट्रकला भाडं शोधून देणारं ॲप, असतंच. हे परीक्षण त्या सेवेचं आहे, कुठल्या एका कंपनीचं नाही. तपासायचा मुद्दा एवढाच की दलालाच्या ऑफिसातून भाडं घेण्यापेक्षा ॲपवरून घेतलं तर ट्रिपअखेर मालकाच्या हातात जास्त उरतं का. परतीचं भाडं शोधायला आणि बाजारभाव कळायला ॲप कामाचं आहे. बॅलन्सच्या, म्हणजे ॲडव्हान्स वजा जाता उरलेल्या भाड्याच्या, वसुलीत मात्र बरीचशी ॲप दलालाइतकीच कच्ची. दलाल निदान टेबलापाशी सापडतो तरी.

ॲप दोन जातीची असतात, आणि बहुतेक तक्रारी ती एकच समजल्यामुळे होतात. पहिली जात म्हणजे नुसता फळा. लोड टाकणारा टाकतो, गाडीवाला फोन करतो, पुढचं दोघांनी पाहून घ्यायचं. ॲपवाला मेंबरशिपचे पैसे घेतो आणि बाजूला होतो. दुसऱ्या जातीत कंपनी स्वतः पार्टीकडून (माल पाठवणाऱ्याकडून) काम घेते, गाडी लावते, ॲडव्हान्स आणि बॅलन्स स्वतःच्या खात्यातून देते. दुसरीकडे भाडं बऱ्याचदा कमी मिळतं, पण पैसे कोणाकडे मागायचे हे पक्कं असतं. कुठल्याही ॲपवर पहिली चौकशी हीच करावी: बॅलन्स कुणाच्या खात्यातून येणार? ‘पार्टी देईल’ असं उत्तर आलं तर तो फळा आहे, मग जाहिरात काहीही म्हणो.

‘दलाल हटवा, थेट पार्टीशी बोला’ ही जाहिरात तर फारशी मनावर घेऊच नये. फळ्यावर लोड टाकणाऱ्यांत दलालच मोठ्या संख्येने असतात. तळोज्याहून निघणारी एकच स्टीलची कॉइल पाच जणांनी पाच दरांनी टाकलेली दिसते. ओळखायला सोपं आहे: माल, टनेज, खाली करायचं ठिकाण आणि भरणीची वेळ जुळली की लोड एकच. अशा वेळी सगळ्यात जास्त दर सांगणाऱ्यावर उडी मारू नये. ज्याला फॅक्टरीचं नाव, गेट आणि लोडिंग सुपरवायझरचा नंबर माहीत आहे, तो पार्टीच्या जवळचा. बाकीचे मधले. ते आधी गाडी हातात धरतात आणि मग लोड शोधायला निघतात.

धंदा म्हणून पाहिलं तर ॲपवाला यात पडत नाही, हे समजण्यासारखं आहे. २०१५ साली बंगळुरूत सुरू झालेली ब्लॅकबक ही ट्रकमालकांसाठीच्या ॲपची कंपनी नोव्हेंबर २०२४ मध्ये शेअर बाजारात आली. तिच्या उत्पन्नात टोल आणि डिझेलचं पेमेंट व गाडीचं ट्रॅकिंग यांचा वाटा मोठा आहे. फास्टॅग, फ्युएल कार्ड, जीपीएस यातून ठरलेला पैसा येतो. भाड्याच्या व्यवहारात वसुलीचं झेंगट असतं, ते कोण अंगावर घेणार? त्यामुळे ॲपची टोल-डिझेलची बाजू सहसा चोख चालते आणि लोडची बाजू ज्याच्या त्याच्या नशिबावर. ही दोन खाती वेगळी ठेवूनच सेवेला मार्क द्यावेत.

आता हिशोब. दर कमी आहे की बरा, हे टनाचा आकडा ऐकून ठरत नाही. बारा चाकी घेऊ, ३५ टन पासिंग (गाडी-माल मिळून परवानगीचं वजन), आत माल साधारण २४ टन. कळंबोली ते बंगळुरू, अंतर साधारण ९५० किलोमीटर. खालचे आकडे हिशोबापुरते धरलेले आहेत, त्या जागी आपल्या गाडीचे घालावेत. भरलेल्या गाडीला लिटरमागे ४ किलोमीटर आणि डिझेल ९० रुपये धरलं तर २१,३७५ रुपये. ॲडब्लू (धूर साफ करायला लागणारं द्रव) ७००. टोल १०,०००. ड्रायव्हरचा भत्ता दिवसाला ७०० प्रमाणे पाच दिवसांचा ३,५००. तालपत्री, एंट्री, वजनकाटा, चहापाणी मिळून २,५००. खिशातून गेले ३८,०७५. टायर आणि मेंटेनन्सचे किलोमीटरला साडेचार रुपये, म्हणजे ४,२७५. एवढ्यावर बरेच जण थांबतात आणि ‘पंधरा हजार सुटले’ म्हणतात. पण हप्ता ७०,०००, विमा-टॅक्स-फिटनेसचे महिन्याला ९,००० आणि ड्रायव्हरचा पगार २०,०००, असा ९९,००० चा बोजा गाडी उभी असली तरी चालूच असतो. दिवसाला ३,३०० रुपये. एक दिवस भरणी, तीन दिवस रस्ता, एक दिवस खाली करायला, असे पाच दिवस धरले की १६,५००. एकूण ५८,८५०. टनाला २,४०० चा दर मिळाला तर भाडं ५७,६००. म्हणजे कापाकापी सुरू होण्याआधीच १,२५० रुपये अंगावर.

याच हिशोबात ॲपचा खरा उपयोग दिसतो, आणि खरा धोकाही. ॲपवर दलालापेक्षा १,५०० रुपये जास्त दिसले म्हणून तिकडे धावलो आणि भरणीला एक दिवस जास्त गेला, तर ३,३०० अधिक ७०० असे ४,००० गेले. लोड १२० किलोमीटर लांब असेल तर रिकाम्या गाडीला लिटरमागे साडेपाच किलोमीटर धरून डिझेलचे जवळपास १,९६५ आणि टायर-मेंटेनन्सचे ५४०, म्हणजे अडीच हजार. टोल वेगळा. ॲपवर ‘जवळचा लोड’ म्हणून येतो तो बऱ्याचदा नकाशावर सरळ रेषेत जवळचा असतो. नेलमंगलात उभ्या गाडीला होसूरचा लोड दाखवला तर मधलं बंगळुरू आणि तिथली अवजड वाहनांची बंदीची वेळ त्या आकड्यात धरलेली नसते. उलट दलालाचं ऑफिस नसलेल्या गावात गाडी खाली होणार असेल तर निघायच्या आदल्या दिवशीच ॲपवर मार्ग टाकून ठेवणं फायद्याचं. खाली व्हायच्या आत परतीचं भाडं लागलं तर दोन दिवसांचा बोजा वाचतो. ॲपच्या मेंबरशिपचे पैसे वसूल होतात ते इथेच.

फोनवर बोलताना दर शेवटी विचारावा. आधी माल काय आणि गाडीला काय लागणार: कॉइल असेल तर साखळी आणि लाकडी गुटके, कागद किंवा पोती असतील तर दोन धड तालपत्र्या. मग भाडं टनावर की फिक्स, आणि टनावर असेल तर गॅरंटी किती. २४ टनांची गॅरंटी न बोलता गाडी लावली आणि आत २१ टनच भरले, तर टनाला २,४०० प्रमाणे ७,२०० रुपये गेले, आणि कुणाशी भांडायला जागा नाही. मग वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची हमाली, कुणाची. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही घोषणा महाराष्ट्रात सगळ्यांना पाठ आहे, तरी वाराई गाडीच्या नावावर फाडली जाते, कारण फोनवर तो विषयच निघत नाही. हॉल्टिंग (गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे) किती तासांनंतर आणि दिवसाला किती. पोच (माल मिळाल्याची सही-शिक्क्याची पावती) मूळ कागदाची लागणार की फोटोवर भागेल. ठरलेलं सगळं व्हॉट्सॲपवर टाकून समोरच्याकडून ‘ओके’ घ्यावं. दलालाच्या ऑफिसात यातलं निम्मं न बोलता ठरलेलं असतं, कारण तिथे रोजचा रिवाज आहे. फळ्यावर समोरचा माणूस राजकोटचाही असू शकतो आणि रायपूरचाही. प्रत्येकाचा रिवाज वेगळा.

ओव्हरलोडची गळ दोन्हीकडे घातली जाते. चार टन जास्त घ्या, टनाला २,४०० प्रमाणे ९,६०० सुटतील, असं सांगतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड २०,००० आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० आहे. चार टनांचे झाले २८,०००, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च. दंड दलाल भरत नाही, ॲपही भरत नाही.

गेटबाहेर पडण्याआधी ई-वे बिलावरचा (माल नेण्यासाठीच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदावरचा) गाडी नंबर नंबरप्लेटशी जुळवून पाहावा. ऐनवेळी गाडी बदलली गेली की भाग ‘ब’ मध्ये जुनाच नंबर राहतो. पकडली तर दंड मालावरच्या कराच्या दुपटीपर्यंत जातो. तो पार्टीने भरला तरी गाडी अडकते आणि दिवसाचे ३,३०० मालकाचे चालूच. या बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक दिवस, म्हणजे ९५० किलोमीटरला पाच दिवस. वाढवायची असेल तर मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंतच वाढते. वाटेत गाडी बिघडली तर पहिला फोन मेकॅनिकला, दुसरा माल पाठवणाऱ्याला.

आता बॅलन्स. मार्केटच्या (एका ट्रिपपुरत्या बाजारातून घेतलेल्या) गाडीला ॲडव्हान्स ८० ते ९० टक्के आणि उरलेलं पोच मिळाल्यावर, ही सर्वसाधारण पद्धत. ॲडव्हान्सचा काही भाग डिझेल स्लिपने, म्हणजे ठरावीक पंपाच्या चिठ्ठीने, येतो. त्या पंपाचा दर आणि तो पंप आपल्या मार्गावर आहे का, हे आधी बघावं. उरलेल्या १०-२० टक्क्यांतच मालकाची सगळी कमाई असते, आणि नेमकी तीच अडकते. कमिशन, मामूल (रिवाजाची कपात), टीडीएस, शॉर्टेज (माल कमी भरल्याची कपात), पोच उशिराचा दंड, अशी कात्री चालते. टीडीएसची कात्री थांबवता येते: दहा किंवा त्याहून कमी गाड्यांच्या मालकाने पॅनसह घोषणापत्र दिलं की मालवाहतुकीच्या भाड्यातून टीडीएस कापायचा नसतो. ते सही करून पहिल्या ट्रिपलाच पाठवावं. पैसे कापून झाल्यावर नुसता रिफंडचा कागद उरतो.

शॉर्टेजचं भांडण सगळ्यात किचकट. चारशे लिटरच्या भरल्या टाकीत साधारण ३३० किलो डिझेल असतं. भरणीच्या काट्यावर टाकी भरलेली आणि खाली करताना तळाला गेलेली असेल, तर फक्त भरलेल्या गाडीचं वजन ताडून पाहणाऱ्याला अडीच-तीनशे किलो माल ‘गायब’ दिसतो. सळईला किलोमागे पन्नास रुपये धरले तरी पंधरा हजारांपर्यंत कापायला निमित्त मिळालं. म्हणून खाली करण्याच्या ठिकाणी भरलेलं आणि रिकामं, दोन्ही वजनं एकाच काट्यावर, एकाच दिवशी घ्यायला लावावीत आणि दोन्ही पावत्यांचे फोटो ठेवावेत. आरसी बुकातलं रिकाम्या गाडीचं वजन धरून हिशोब केला तर तिथेच हरकत घ्यावी.

आणि तो पोचेचा कागद. बिल्टीच्या (वाहतुकीच्या पावतीच्या) मागे गोडाऊनवाला गोल शिक्का मारतो, आडवी सही करतो, कोपऱ्यात लिहितो ‘मोजणीच्या अधीन’. तारीख बहुतेकदा असते, वेळ कधीच नसते. गाडी पोहोचली त्या दिवशी गेटवर ड्रायव्हरने ‘पोहोच दि. अमुक, वेळ स. १०.४०’ असं पेनाने लिहून वॉचमनची सही किंवा शिक्का घेतला नाही, तर दोन दिवस उभी राहिलेली गाडीही कागदावर आली तशी खाली झालेली दिसते. हॉल्टिंगचा दावा इथेच मरतो. ‘मोजणीच्या अधीन’ लिहिलेली पोच घेऊन निघू नये. नग तिथेच मोजून घ्यावेत किंवा शेरा खोडून पुन्हा सही घ्यावी. मूळ पोच कुरिअरने पाठवण्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो काढावा. पैसे स्वतः देणाऱ्या ॲपमध्ये पोच चढवण्याची सोय असते आणि तारीख आपोआप नोंदली जाते. दलालाचं ‘कागद आलाच नाही’ हे जुनं हत्यार तिथे बोथट होतं. या एका बाबतीत ॲप सरळ सरळ सरस.

मुदतीबद्दल कायदा मालकाच्या बाजूने आहे. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) फुकट होते. सूक्ष्म किंवा लघु सेवा देणाऱ्याचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागतं. तक्रार सरकारी पोर्टलवर ऑनलाइन करता येते. पुढचं भाडं त्याच माणसाकडून हवं असतं म्हणून दहा-बारा हजारांसाठी तक्रार करायला कुणी धजावत नाही, ही गोष्ट वेगळी. तरी बिलावर उद्यम नंबर छापलेला असला तर मोठ्या ट्रान्सपोर्टचा अकाउंटंट ते बिल तळाला सरकवताना दोनदा विचार करतो.

फळ्यावरच्या फसवणुकीचा साचा ठरलेला आहे. दर बाजारापेक्षा चांगला, माल हलका, आणि गाडी गेटजवळ आल्यावर गेटपास, विमा किंवा टोकनच्या नावाने दोन-तीन हजार यूपीआयने मागतात. भाड्यात पैसा गाडीकडे येतो, गाडीकडून जात नाही. मागणी आली की फोन ठेवावा. ‘व्हेरिफाइड’ खुणेचा अर्थ बऱ्याच ठिकाणी कागद तपासले एवढाच असतो. बॅलन्स वेळेवर देतो की नाही, हे त्यात येत नाही. जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून नाव जुळतं का पाहायला एक मिनिट पुरतं.

मेंबरशिप घेणारच असाल तर वर्षाची न घेता महिन्याची घ्या, आणि ती आपल्या मार्गावर भाडं मंदीत असताना घ्या. तेजीत लोड तसेही मिळतात. पैसे भरताना यूपीआय ऑटोपे चालू होतं का ते बघा, आणि ॲप काढून टाकण्याआधी तो मँडेट यूपीआय ॲपमध्ये जाऊन बंद करा. ट्रिपसाठी ड्रायव्हरच्या सिमवर दिलेली ट्रॅकिंगची परवानगीही गाडी खाली झाली की काढून घ्या. नाहीतर तुमची गाडी रिकामी कुठे उभी आहे, हे दर सांगणाऱ्याला आधीच ठाऊक असतं.