मेंडोसिनोचे मेसॉनिक सभागृह: सुताराने शिखरावर चढवलेला काळ

कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्यावरील मेंडोसिनो या छोट्या गावी बहुतेक पर्यटक समुद्राकडे पाहण्यासाठी जातात. परंतु लान्सिंग आणि युकाया या रस्त्यांच्या चौकातील फ्रीमेसन या गुप्त विधी पाळणाऱ्या बंधुसंघाच्या स्थानिक शाखेची, म्हणजे ‘लॉज’ची, लाकडी इमारत न पाहता परतणे म्हणजे या गावाचा निम्मा इतिहास न पाहताच परतणे होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

1852 मध्ये येथे लाकडाची गिरणी सुरू झाली आणि सोन्याच्या शोधामुळे झपाट्याने वाढणाऱ्या सॅन फ्रान्सिस्कोला इथल्या रेडवुड या उंच वृक्षाचे लाकूड जहाजांतून जाऊ लागले. आजारपणात किंवा अपघाती मृत्यूनंतर कुटुंबाला हात देणारी सरकारी व्यवस्था त्या काळी नव्हती, त्यामुळे शपथेने बांधलेल्या अशा बंधुसंघांना लहान गावांत मोठे स्थान मिळाले. मेंडोसिनोच्या लॉजचे पहिले मास्टर, म्हणजे प्रमुख, एरिक अल्बर्टसन हे व्यवसायाने सुतार होते आणि 1860 च्या दशकात या वास्तूचे काम त्यांनीच हाती घेतले.

इमारतीची रचना अमेरिकेतील छोट्या गावांतल्या लॉजना साजेशीच आहे: खाली व्यापारी जागा, वर सभागृह. खालच्या भाड्यातून वरचा खर्च भागतो, आणि वरच्या मजल्यावरील विधी रस्त्यावरून कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत. तळमजल्यावर आज बँक आहे.

पाहण्यासारखे खरे काम मात्र छपरावरील मनोऱ्याच्या माथ्यावर आहे. रेडवुडच्या एकाच ओंडक्यातून अल्बर्टसन यांनी कोरलेल्या या शिल्पात पंख असलेल्या वृद्धाच्या रूपातला काळ एका तरुणीच्या केसांतील गुंता सोडवतो आहे. तिच्यासमोर मोडलेला स्तंभ आहे, तिच्या हाती अमरत्वाची खूण असलेली बाभळीच्या जातीची डहाळी आहे, आणि जवळच विळा व वाळूचे घड्याळ आहे. मोडलेला स्तंभ म्हणजे फ्रीमेसनांच्या आख्यायिकेतील, बायबलमधल्या शलमोन राजाच्या मंदिराचा मुख्य स्थपती हिराम याचे काम अर्धवट सोडून गेलेले आयुष्य. तर केसांची गुंतवळ सांगते की काळ आणि चिकाटी यांच्यापुढे काहीही अशक्य नाही. जी प्रतीके फ्रीमेसन एरवी दाराआड शिकवतात, ती येथे एका कारागिराने गावाच्या सर्वांत उंच जागी उघड्यावर, खाऱ्या वाऱ्यात ठेवली, हे धाडस मला या वास्तूतील सर्वांत मोलाचे वाटते.

उणीव एकच, आणि ती उंचीमुळे आलेली आहे: इमारतीच्या अगदी पायथ्याशी उभे राहिल्यास शिल्पाचे बारकावे दिसत नाहीत. रस्त्याच्या पलीकडे जाऊन, शक्य असल्यास दुर्बिणीतून पाहावे. तेव्हाच वृद्धाच्या बोटांची ठेवण आणि पंखांवरील कोरीव रेषा नीट उमगतात. 1971 पासून हा सारा परिसर राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत असल्याने आजूबाजूची लाकडी घरेही त्याच काळाची साक्ष देतात, म्हणून त्यांच्यासाठीही वेळ राखून ठेवावा.